सतरा नंबरचा सांधा

बार्रांका, १४ मार्च १९८७

प्रिय फाबियो,

तू बरा असशील असं धरून चालते. कार्ताहेनाला समुद्राचा वारा असतो म्हणतात. इथे या दिवसांत नदीलासुद्धा घाम फुटतो. आईचा गुडघा दुखतोच, तरी मासळी आणायला तीच जाते. मला मासे निवडता येत नाहीत, असं तिचं म्हणणं. शेजारच्या ओतिलियाला जुळं झालं. तू तिकडे खिडक्यांच्या जाळ्या जोडतोस, असं तिच्या नवऱ्याकडून कळलं. तुझ्या हाताला ते काम म्हणजे... जाऊ दे.

मी भट्टीवरच होते, गेल्या सोमवारपर्यंत.

तुला भट्टी कधी आवडली नाही. तुम्हा वेल्डर लोकांचं काम ठिणग्यांचं, आमचं वाट बघण्याचं. जोडून झालेली पोलादी टाकी आत ढकलायची, दार लावायचं, सहाशे वीस अंशांपर्यंत हळूहळू चढवायची, तिथे दोन तास धरायची आणि चढवली तशीच सावकाश उतरवायची. जोडकामानं पोलादाच्या अंगात राहिलेली ओढाताण त्या धगीत सुटते. झरोक्यातून बघितलं की टाकी दिसते न दिसते अशी लाल असते. डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं की पापण्यांच्या आत दिसतो ना, तसा लाल. तासन् तास बघत बसलं की आपण जागे आहोत की नाही, तेही कळेनासं होतं.

तीन वर्षांपूर्वी त्या दुपारी मी झोपले, फाबियो.

स्वप्नात आपण दोघं लहान होतो. बाबांच्या होडीत तळाला आडवे पडलो होतो आणि फळीखाली पाणी टकटक करत होतं. तू म्हणालास, खाली कुणीतरी राहतं. आपण कान लावून ऐकत राहिलो. किती वेळ, कोण जाणे. जाग आली ती शांततेनं. बर्नर विझला होता. काटा चारशेच्या जवळ आला होता आणि दोन तासांतली जेमतेम वीस मिनिटं भरली होती.

सगळं पहिल्यापासून करायला हवं होतं. पण मग झोपले हे सांगावं लागलं असतं, आणि टाकी न्यायला मालवाहू पडाव धक्क्याला लागलेला होता. मी तपमान नोंदवणाऱ्या यंत्रात नवा कागद घातला, चकती हातानं फिरवली, पेन बोटानं टेकवलं आणि हवी तशी रेघ काढली. खाली सही केली.

पुढचं तुला माहीत आहे. चाचणीसाठी पाण्याचा दाब दिला आणि खालच्या नळीपाशी टाकीला तडा गेला. तिथे सांध्यावर तुझा वेल्डरचा सतरा नंबर ठोकलेला होता. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "माझा सांधा बरोबर आहे. भट्टीचा कागद परत बघा." इंजिनिअर बेसेर्रांनी कागद उजेडात धरला. रेघ स्वच्छ होती. तू माझ्याकडे बघितलंस. मी कागदाकडे बघत राहिले.

इथवर लिहून दोन दिवस थांबले होते. आता बाबांचं लिहिते.

तो ठपका घेऊन तू गाव सोडलंस, त्यानंतर ते अकरा महिने जगले. वेल्डिंगचा चिमटा त्यांनीच तुझ्या हातात दिला होता, त्यामुळे तुझं नाव घरात कुणी काढत नसे. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना सूप भरवत होते. त्यांनी मध्येच माझं मनगट धरलं. "नोहेमी, त्याचा हात असा घाईचा कधीपासून झाला गं?"

मी म्हटलं, "बाबा, सूप निवतंय."

एवढंच म्हटलं.

सोमवारी कारखान्याच्या आवारातलं भंगार वितळवायला न्यायचं होतं. टाकीचा तो तडकलेला तुकडा तीन वर्षं गवतात पडून होता. त्याला साखळी बांधताना मी बघितलं आणि क्रेनवाल्याला थांबवून थेट बेसेर्रांकडे गेले. सगळं सांगितलं, सांध्याशेजारच्या पोलादाचा कठीणपणा मोजा म्हटलं. त्यांनी मोजला. भट्टी नीट लागली असती तर इतका राहिलाच नसता. मग सांधा कापून बघितला. तुझं काम निर्दोष निघालं.

"इतके दिवस का गप्प बसलीस?" त्यांनी विचारलं. त्यांनी मला कामावरून काढलं, ते योग्यच केलं. तुझ्यावरचा ठपका पुसल्याचं पत्र त्यांच्या सहीनिशी सोबत ठेवलं आहे. सतरा नंबर अजून कुणाला दिलेला नाही. येशील तेव्हा तो तुझा, असं त्यांनी सांगितलं आहे.

आईला मी त्याच दिवशी सांगितलं. ती मासे साफ करत होती. हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, "तुझ्याकडे अकरा महिने होते." तेव्हापासून ती माझं ताट वाढते, पण माझ्यासोबत जेवायला बसत नाही.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक ओझं नको. आईला भेटायला मात्र ये. त्या दिवशी मी घरात असू नये असं वाटलं तर ओतिलियाकडे निरोप ठेव. मी नदीपलीकडे मावशीकडे जाऊन राहीन.

बहीण म्हणायचं की नाही हे तू ठरवशील तोवर,
नुसती नोहेमी