सुगंधाला पाठवलेले शब्द

नाहूर, ता. ८ एप्रिल १९८६

चि. सुगंधास अ. उ. आ.

बाबांचं पत्र मामांकडे आलं. बोरिवलीचे तेच लोक मे महिन्यात गावी येतायत आणि या खेपेला तुला बघणार म्हणे. लाज कशी वाटत नाही गं त्यांना. दोन वर्षांपूर्वी इथे मामांच्या घरी मला बघायला आलेल्या त्या नंदकिशोरच्या आईने भरल्या खोलीत मला इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारले. एकही आला नाही. ही चहा आणण्यापुरतीच, असं म्हणून ती हसली, आणि तोही हसला. आता साकीनाक्याच्या ऑफिसात मी फाडफाड इंग्रजी बोलते, तरी ते हसणं कानातून जात नाही.

तू त्यांना नाही म्हणायचंस. पण आधी त्यांनी तुला पसंत करायला हवं, तरच त्यांचं नाक कापलं जाईल. म्हणून शब्द पाठ कर. 'ॲरोगंट' म्हणजे माजोरी, ती बाई. 'स्पाइनलेस' म्हणजे कणा नसलेला, तो. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूष. 'कंटेम्प्ट' म्हणजे तिरस्कार. पुढच्या पत्रात आणखी पाठवते. दुपारी झोपा काढू नकोस.

आईला नमस्कार. ताईवर माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
नलिनी

देवगड, ता. १९ मे १९८६

ती. नलिनीताईस शि. सा. न. वि. वि.

काल ते येऊन गेले. तुझे सगळे शब्द आले गं. ती बाई विचारत गेली, मी सांगत गेले. 'कंटेम्प्ट' सांगताना मुद्दाम तिच्याकडेच बघत होते, तर ती म्हणाली, मुलगी हुशार आहे, आम्हाला पसंत आहे. बाबांना काय करू नि काय नको असं झालं.

मग नाही म्हणायची वेळ आली, आणि मी ते म्हटलंच नाही. शिव्या घाल हवं तर. पण ताई, तू मुंबईला गेलीस, मी इथे आंब्याच्या पेट्या भरत बसलेय. मलाही यायचंय. आणि तो मला वाईट नाही वाटला. तू शिकवलंस म्हणूनच जमलं हे. लग्न डिसेंबरात आहे. करवली म्हणून माझ्यामागे तूच उभी राहायला हवीस.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझीच,
सुगंधा

नाहूर, ता. २६ मे १९८६

चि. सुगंधास,

पत्र मिळालं. डिसेंबरात मला रजा नाही. करवली म्हणून मावशीच्या चंपाला उभी कर. सासूने माझं विचारलं तर तिला इंग्रजीतच सांग, खूश होईल.

मोठी बसलीय आणि धाकटी उजवली, असं लोक म्हणतील. म्हणू देत. ते मी ऐकून घेईन. तुझ्या तोंडून त्या घरचं कौतुक मात्र मला ऐकवणार नाही.

बोरिवलीहून नाहूर काही लांब नाही. तरी येऊ नकोस.

नलिनी