शरदातला कोरडा खोकला

७ ऑक्टोबर १९८५, सोमवार

खोकला तसाच. कोरडा. काही पडत नाही, नुसता आवाज. ग्रोसरीच्या रांगेत एवढी उबळ आली की पुढची बाई कार्ट घेऊन दुसऱ्या रांगेत गेली. मी तिला सॉरी म्हणाले.

मालिनीकाकूंनी एक्स-रे काढायला लावला होता. त्या डॉक्टर, आणि इथल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात सगळ्यांच्या काकू. "छाती क्लीन आहे गं मीनाक्षी. ॲलर्जी असणार. फॉल आला की सगळे पानं जाळत बसतात." मग पाठीवरून हात फिरवला. "वडील गेल्याचंही आहेच. पण देवाची कृपा बघ. तुझ्याकडचा गणपती निर्विघ्न पार पडला आणि मगच बातमी आली."

मी मान हलवली.

९ ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहावं.

सगळ्यांना सांगितला तसा दादाचा फोन मंगळवारी आलाच नव्हता. शनिवारी सकाळी आला — मंडळाचा गणपती आमच्याकडे होता, त्याच दिवशी. मी उकड काढत होते. "मीने, नाना गेले. सगळं आटोपलं आत्ताच." मी म्हणाले, "बरं."

बरं! आणि फोन ठेवून उकडीवर ओला फडका टाकला, वाळू नये म्हणून.

लेक सासरी गेली तरी आईबापाचं सुतक तीन दिवस धरते. देवाच्या नैवेद्याला हात लावायचा नसतो. मला हे सगळं माहीत होतं. पण चाळीस माणसं येणार होती, गिरीश खाली बेसमेंटमध्ये कॅसेट लावून पूजेचे मंत्र घोकत होता — त्याची पहिली पूजा. मी मोदक केले, वाढले, हसले. मंगळवारी गिरीशला सांगितलं, आत्ता फोन आला. त्याने सुट्टी काढली, माझ्यापाशी बसून राहिला. सगळ्यांनी डबे आणून दिले.

नानांच्या मरणाची तारीख मी तीन दिवस पुढे ढकलली. आणि गिरीशच्या हातून सुतकात पूजा करवली, त्याला न सांगता.

१० ऑक्टोबर

रात्रभर खोकला. गिरीश उशी घेऊन बाहेर सोफ्यावर गेला. सकाळी त्यालाच वाईट वाटत होतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

नाना वाईचे वैद्य. चौथीपर्यंत त्यांनी मला घरीच शिकवलं, खलात औषध कुटता कुटता पाढे. ऑक्टोबर लागला की ओटीवर रोग्यांची गर्दी. "शरद ऋतू म्हणजे वैद्याची आई, पोटाला घालते," म्हणून हसायचे. त्यांच्या हिशेबात शरद म्हणजे पित्त — ऊन, जळजळ. पण ते वाईचं ऊन. इथे ऊन कुठे आहे? हीटर सुरू झालाय, ओठ फुटतात, हाताची कातडी कागदासारखी झालीये. या हवेला नानांनी काय दिलं असतं ते विचारायला हवं होतं. गेल्या वर्षी ते होते, तेव्हा मी पत्रात इथल्या मॉलचं वर्णन लिहून पाठवलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

गिरीशच्या ऑफिसातला लिन रोज विचारतो म्हणे, बायकोचा खोकला कसा आहे. त्याचे वडील तैवानहून आलेत, तिकडे ते चिनी औषधं देत. गिरीश म्हणाला, "जाऊन तर बघ यार. पटलं नाही तर नको घेऊस." गेलो.

म्हातारे अंगात जाड स्वेटर घालून स्वयंपाकघरातच बसले होते. इंग्रजी येत नाही. सून ग्रेस सांगत होती. त्यांनी माझा हात उशीवर ठेवला आणि मनगटावर तीन बोटं टेकवली. नाना टेकवायचे तशीच. मी छताकडे बघत राहिले.

दोन्ही हात बघितले. जीभ बघितली. मग काहीतरी म्हणाले.

"कोण गेलं, असं विचारतायत," ग्रेस म्हणाली.

गिरीशने सांगितलं, तिचे वडील, गेल्या महिन्यात.

म्हातारे बराच वेळ बोलत होते. ग्रेसने जमेल तसं सांगितलं. शरदात हवा कोरडी पडते, ती आधी फुप्फुसाला लागते. आणि दुःखही फुप्फुसातच राहतं. रागाची जागा यकृतात, भीतीची मूत्रपिंडात, तशी दुःखाची तिथे. बातमी आली तेव्हा रडलात का?

मी म्हणाले, स्वयंपाक करत होते.

म्हणून गेलं तोंडातून! मंगळवारी मी स्वयंपाक करत नव्हते, कपडे वाळवत होते, असंच गिरीशला सांगितलेलं. त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. तो पेअर्सच्या टोपलीकडे बघत होता.

औषध म्हणजे पेअर, आपली नासपती. पोखरून आत खडीसाखर घालायची, वाफवायचा, कोमट खायचा. ओळखीची वाटली ती खडीसाखर. उठताना मी ग्रेसला हळूच विचारलं, आणि लाज? ती कुठे राहते? तिने विचारलं तेव्हा म्हातारे हसले.

"ते त्यांचं डिपार्टमेंट नाही म्हणतात."

२० ऑक्टोबर

पेअर केला. घशाला खरंच बरं वाटलं. दोन घास खाल्ले आणि वाटलं, माझी लायकी नाही. उरलेला गिरीशला दिला.

२३ ऑक्टोबर

खोकला थोडा कमी. मालिनीकाकूंना सांगितलं तर फोनवर हसल्या. "पेअर खा की बाई, पण कफ सिरपही घे."

२६ ऑक्टोबर, शनिवार

काकूंकडे कोजागिरी. दोन दिवस आधीच केली, सोमवारी कुणाला जागता येणार? अंगणात इतकी थंडी की कोट घालून मसाला दूध प्यायलो. नेपरव्हिल गावाहून इथे राहायला आलेलं एक नवीन जोडपं आलं होतं. काकूंनी मला खांद्याला धरून पुढे ओढलं आणि सगळी हकिकत त्यांना सांगितली — गणपती, मोदक, मग मंगळवारचा फोन. "देवाने हिची सेवा घेतली आणि मगच हिला सुतक दिलं. पुढच्या वर्षीही हिच्याकडेच बसवायचा."

ती मुलगी माझ्याकडे अशी बघत होती की पाया पडते की काय वाटलं.

उबळ आली. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून खोकत बसले. बाहेर काकूंचा आवाज: "अजून जात नाहीये बघा बिचारीचा." माझ्या खोट्यावर आता त्या भक्ती करतायत. पुढच्या वर्षी परत करतील. हे मी कुठवर चालू देणार?

उद्या गिरीशला सांगायचं. आधी त्याला, मग काकूंना. तो काय म्हणेल याचा विचार करायचा नाही. पूजा त्याच्या हातून झाली. घराबाहेर काढणार नाही एवढं माहीत आहे. पण परत माझ्या शब्दावर विश्वास ठेवेल का, ते माहीत नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सांगितलं. चहा होत होता. शनिवार म्हणाले, उकड म्हणाले.

गिरीश म्हणाला, "मला माहीत आहे."

त्या शनिवारी मी फोननंतर डोक्यावरून आंघोळीला गेले होते, तेव्हा दादाने परत फोन केला होता. तो गिरीशने घेतला. दादा त्याला म्हणाला, मीना रडली नाही, तिच्याजवळ थोडा बस. त्यानंतर त्याने पूजा केली. सगळी, आरतीपर्यंत.

"मग तेव्हाच का नाही बसलास?"

त्याने गॅस बंद केला. कप हातात घेऊन तसाच उभा राहिला, माझ्याकडे न बघता.

शेवटी मीच खुर्ची ओढली. म्हणाले, ये, आता बस इथे.