कुक्याचा पोळा

३ ऑगस्ट, रविवार. कानबाई.

सगळ्यात आधी कोण आलं, तर कमल. माझी धाकटी जाऊ. चहा उकळला की हिला वास लागतो. हातात एक नारळ अन् तोंडात दहा गोष्टी. तिच्या एरंडोलच्या बहिणीच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, ते सांगून झालं. मग पहूरचे भाऊबंद आले, पोरंसोरं, गलका. कानबाईच्या नारळाला, देवीच्या मुखवट्यालाच म्हणा, नथ घालत होते तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. म्हटलं, आता कोण राहिलं?

शीतल अन् आरू. माझी सून, माझी नात.

महेशचं झालं तेव्हापासून दोघींचे पाय या दाराला लागले नव्हते. माझा एकुलता एक. तेराव्यालाच कमल बोलली होती, "नवरा गया, आते हिन्हं काय शे आठे?" आता इथं हिचं काय उरलं, हे शीतलनं ऐकलं अन् पोरीला घेऊन धुळ्याला माहेरी गेली. तिथं शाळेच्या ऑफिसात नोकरी करते.

आरूच्या हातात बुटाचं खोकं. वरून भोकं पाडलेली. "आजी, डोळे मिट." मिटले. हातावर काहीतरी ऊन ऊन, मऊ, धडधडणारं. उघडून बघते तर... मी ओरडलेच, "माय वं, उंदीर!" सगळे हसले. उंदीर नाही, ससा. मुठीएवढा, तांबूस, कान बोटाच्या पेराएवढे. नाव कुकी. याची जातच बुटकी, म्हणे. मोठा झाला तरी नारळाएवढाच. आरूच्या मैत्रिणीची माणसं पुण्याला गेली, त्यांनी हिला देऊन टाकला. धुळ्यात मामी म्हणते घरात केस उडतात.

शीतल खाली बघून म्हणाली, "आई, ठेवाल का? दर रविवारी बघायला येत जाऊ."

दर रविवारी! मी वाघ पण ठेवला असता.

रोटाचे, कानबाईच्या प्रसादाचे, गहू मोजायला बसले. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. आमच्या ह्यांची, नानांची, घेतली. पुढे महेशची, हात आपोआप गेला. थांबला. शीतल बघत होती. तेवढ्यात आरू म्हणते, "माझी मूठ?" पोरीची मूठ नसते बाई. "मग कुकीची घे, तो तर मुलगा आहे." कमल म्हणे, "घ्या, आते ससा वंश चालवी!" मी घेतली सव्वा मूठ. सशाच्या नावानं. कानबाईला काय कळायचं ते कळो.

४ ऑगस्ट

सकाळी गिरणा नदीवर कानबाईला पोचवून आलो. जेवून दोघी गेल्या. आरू सांगून गेली, रोज लिही तो काय करतो. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही. तरी लिहीन. कुकी म्हणायला जिभेला जमत नाही. कुक्या म्हणते. लिहिताना कु.

६ ऑगस्ट

कु. आपलीच लेंडी खातो!! शेजारच्या नजमाला भिंतीवरून हाक मारून दाखवलं. तिच्या शेळ्या आहेत, तिला जनावराचं कळतं. ती म्हणे, "अक्का, खाने दो, उनकी जात ही वैसी." तिनंच शेळ्यांचा लसूणघास दिला ओंजळभर. कु.ने तो असा खाल्ला, जसा गोदूआत्याचा दीर पंगतीत खायचा. मान वर नाही, डोळे मिटलेले, नुसता जबडा. गोदूआत्याचा दीर शेवटी पंगतीतच गेला. जाऊ दे.

नाना कु.कडे बघत नाहीत. महेशनंतर ते कशाकडेच बघत नाहीत. बाजेवर, भिंतीकडे तोंड.

८ ऑगस्ट

आज जीवच गेला माझा. ओट्यावर कु. एकदम आडवा पडला, पाय ताठ, डोळा उघडा. मी बोंब मारली. नाना धावत आले, धावत! कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बाजेवरून चपला न घालता. बोट लावलं तर कु. टुणकन उठला अन् हवेत गिरकी घेतली. आरूला फोनवर सांगितलं तर खो खो हसली. "आजी, तो खूश असला की तसा पडतो."

म्हणजे मेल्यासारखा पडतो खूश असला की. काय जात आहे.

१० ऑगस्ट, रविवार

आल्या. आल्या!

शीतल दुपारी माजघरात झोपली. पदर तोंडावर घेऊन, घोरून. परक्या घरी बाई अशी झोपत नाही. मी पंख्याचं बटण हळूच वाढवलं. आरूनं माझी वही वाचली, म्हणे, "आजी, कु. म्हणजे कुमारी! तो मुलगी झाला!" नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते, त्यांची पाठ हलली. हसले असतील. नक्की नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आल्या. शीतलनं महेशची पेटी उघडली. मी स्वयंपाकघरातच राहिले. एक निळा शर्ट पिशवीत घालून नेला, मला विचारलं नाही. बरं वाटलं न विचारल्याचं.

कु. आता माझ्या मागं मागं फिरतो. पायात येतो. दूध उतू गेलं त्याच्यापायी. कमल म्हणे, "बठ्ठा घरमां लेंड्या!" म्हटलं, तुझ्या घरी येतो का टाकायला?

२० ऑगस्ट

या रविवारी यायचं नाही दोघींना. शीतलच्या शाळेत तपासणी. गौरीला येते म्हणाली.

२२ ऑगस्ट. पोळा.

लिहितेच सगळं. हात अजून गेरूचा आहे.

सकाळपासून गल्लीत घुंगरं. आमच्या दारात बैल नाही, असा हा पहिला पोळा. महेश गेला, शेत वाट्यानं दिलं, जोडी दिली. नाना उठेनात. तोंड धुतलं नाही, चहा गार झाला. घुंगराचा आवाज आला की पांघरूण कानावर घेत. मला बघवेना. कु.ला उचललं अन् त्यांच्या पोटावर ठेवला. म्हटलं, "उठा. आपल्या घरातही एक जनावर आहे."

बघत राहिले. "हाऊ काय बैल शे?"

पण उठले.

मग काय सांगू! घंगाळात ऊन पाणी काढलं, कोपर बुडवून बघितलं त्यांनी, बैलाचं बघायचे तसं. शिकेकाई लावली. मानेवर, पाठीवर, पोटाखाली, अंगठ्यानं चोळलं. कु. धडपडायला लागला तर, "उभा राय बेटा, उभा राय राजा." तोच आवाज. आमच्या सर्जा बैलाला हाच आवाज लावायचे. शिंगं नाहीत म्हणून कानांना गेरू. माझ्या खणाच्या तुकड्याची झूल. लाल दोऱ्यात एक घुंगरू. अन् घेतला कडेवर अन् निघाले मारुतीला, बैलांच्या रांगेत! लोक हसतात, पोरं मागं पळतात, मी ओवाळणीचं ताट घेऊन पळते. कमल ओट्यावरून, "ससाना पोळा कधी आयका का बठ्ठा खान्देशमां?" नाना म्हणाले, "आते आयक." अन् हसले. दात दिसले. महेशनंतर आज पहिल्यांदा मी त्यांचे दात बघितले.

घरी आणून ओवाळलं, पुरणपोळीचा घास भरवला. नजमाच्या पोरीनं फोटो काढून धुळ्याला पाठवला. आरूचा लगेच फोन. "आजी, राजा दिसतोय राजा!"

कु. थरथरतो आहे. ओला आहे अजून. वाळला की बरा होईल.

२३ ऑगस्ट

वाळला. पण खात नाही. घास पुढे ठेवला, केळ्याचा तुकडा ठेवला. तोंड फिरवतो. लेंडी पण नाही. कोपऱ्यात पाठ वर करून बसला आहे.

पुरण जड गेलं असेल. ओवा चोळून बघू का? नजमा म्हणे नको.

२४ ऑगस्ट, रविवार

दवाखाना बंद. पोट टम्म. दात करकर वाजवतो. नानांनी बनियनमध्ये घेतला आहे छातीशी, तसेच बसून आहेत. जेवायलाही उठले नाहीत. आरूचा फोन आला, कुकी दाखव. म्हटलं झोपला आहे.

२५ ऑगस्ट

पहिल्या गाडीनं जळगावला. कु. भाजीच्या टोपलीत, वरून माझ्या जुन्या लुगड्याचा पदर. कंडक्टरनं विचारलं काय आहे. नाना म्हणाले, "पेशंट."

डॉक्टर तरुण, चांगला होता. विचारलं काय झालं, नानांनी सगळं सांगितलं. शिकेकाई, गेरू, पुरण, काहीच लपवलं नाही. तो ऐकत ऐकत थांबला. म्हणाला, "आजोबा, सशाला आंघोळ घालत नाहीत. गारठतो. भीतीनंच अर्धा मरतो. आतडी थांबतात. अन् वर गोड. तो बैल नाही हो."

नाना म्हणाले, "आमले तेवढंच करता येस, साहेब."

सुई टोचली. पिचकारीनं भरवायचं पीठ दिलं. ऊब द्या म्हणाला. वाचेल का विचारलं तर टोपलीचा पदर नीट करत बसला.

२६ ऑगस्ट. हरतालिका.

दुपारी गेला. नानांच्या मांडीवर. आडवा पडला, पाय ताठ, डोळा उघडा. मी म्हटलं, खूश आहे, खूश असला की असाच पडतो. म्हटलं, थांबा, आता उठेल.

नानांनी बोट लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

मागं लिंबाखाली पुरला. उपास होता, पाणी पण गेलं नाही.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. मोदक केले, का केले.

आता त्या कशाला येतील? हेच येतं मनात. जीव गेला बिचाऱ्याचा अन् मला हेच येतं. सशासाठी येत होत्या. रविवार सशाचे होते, माझे नव्हते.

संध्याकाळी शीतलला फोन केला. आरू क्लासला होती. सांगितलं, सगळं. मग म्हटलं, "तूच सांग गं तिला. माझ्यानं होणार नाही."

म्हणाली, "नाही आई. महेशचं तिला फोनवर कळलं होतं, सुटीत मामाकडे होती तेव्हा. मामीच्या फोनवर, बाजारात उभी असताना. हे तरी तसं नको. रविवारी घेऊन येते. तुम्ही समोर बसवून सांगा."

मला हे माहीत नव्हतं. बाजारात.

३१ ऑगस्ट, रविवार. गौरी आल्या.

आरू दारातून हाका मारतच आली. "कुकीऽ, कुकीऽ." पिशवीत कोथिंबिरीची जुडी, त्याच्यासाठी. मी ओसरीवर बसवलं तिला. तिची बट कानामागं सारली, परत सारली. नानाच बोलले, "बेटा, कुक्या गेला. मी आंघोळ घातली त्याला. सशाला घालू नये, मला ठाऊक नव्हतं. आजीनं नाही, मी चोळलं."

रडली नाही. जुडी धरून बसली. मग म्हणाली, "फोटोत राजा दिसत होता."

"हो बेटा."

"मग तेव्हाच मरत होता का तो?"

नाना उठून मागं गेले, लिंबाकडे. थोड्या वेळानं ती पण गेली. मी खिडकीतून बघितलं. दोघं उभे. जवळ नाहीत, चार हात लांब. कोथिंबीर तिनं तिथं ठेवली नाही. हातातच होती.

कमल गौरीचं हळदीकुंकू घेऊन आली. आल्या आल्या, "ससा गया म्हणे. मग आते कसं येणं झालं?" शीतलनं तिच्याकडे बघितलं पण नाही. परात ओढली, पीठ घेतलं. "आई, भाकरी किती टाकू?"

म्हटलं, टाक सगळ्यांच्या.

आरू जेवली नाही. माझ्याशी बोलली नाही. मी वेणी घालू का विचारलं, मान हलवली. नाही.

स्टँडवर सोडायला दोघं गेलो. आरू खिडकीशी बसली, तोंड पलीकडे. मी काचेवर हात ठेवला. बघितलं नाही तिनं. मी काच ठोकली नाही. लेकरू आहे. तिला तिचा वेळ.

शीतल पायरीवरून वळून म्हणाली, "सर्वपित्रीला येतो आई. रविवारच आहे."

गाडी गेली. नानांना विचारलं, काय म्हणाली हो? येते म्हणाली की येतो? एकटी की दोघी? ते म्हणाले, येतो. घरी आल्यावर परत विचारलं. येतोच म्हणाली, म्हणतात. मी पण तेच ऐकलं.

सर्वपित्री, रविवार, २१ सप्टेंबर.