घाम नसलेले दिवस

१४ मे
सकाळीच बातमी पाठवली: 'उष्णतेची लाट, नागरिकांनी काळजी घ्यावी.' चौदा वर्षं हेच वाक्य पाठवतो आहे. माझ्या घरातल्या नागरिक, सौ. चंद्रकांता, पहाटेच विडीची तेंदूपानं तोडायला जंगलात गेल्या. जाताना म्हणाल्या, 'तुमी काळजी लिवा, मी पानं आणतो.'

१५ मे
काल ती दुपारी दोन वाजता परतली. अंग तापलेलं, कोरडं ठणठणीत. बोलणं भलतंच – मला 'मामाजी' म्हणाली, सासऱ्यांना म्हणायची तसं. माझे वडील जाऊन नऊ वर्षं झाली. मला वाटलं, ताप. पॅरासिटामॉल दिली आणि वर चादर घातली. चादर! संस्कृत पाठशाळेत ज्वराची व्युत्पत्ती शिकलो, ज्वर ओळखायला नाही. अर्ध्या तासाने थर्मामीटर १०६.
शेजारचा दुधराम, तलावातली मासळी विकणारा, आला आणि चादर ओढून फेकली. 'पत्रकारभाऊ, मारून टाकता का बाईले?' मासळीच्या पेटीतला सगळा बर्फ त्याने तिच्या मानेला, काखेत लावला. दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी बादल्या ओतत होतो. जन्मात मासळीला न शिवलेली बाई मासळीच्या बर्फात, आणि तिने हूं की चूं केलं नाही. त्यामुळेच मी जास्त घाबरलो.

१६ मे
गोंदियाचा दवाखाना. शुद्ध नाही.
डॉक्टर म्हणाले, तापात मेंदू स्वतःच अंग तापवतो, म्हणून गोळीचं ऐकतो. उन्हाच्या झटक्यात त्याने हात टेकलेले असतात. 'घाम सोडा' हा हुकूमच निघत नाही. हुकूम देणारा भाग बदामाएवढा.
'आणि माझी ती चादर?' विचारलं.
ते नाडी बघत राहिले.

१७ मे
तसंच.

१९ मे
डोळे उघडले. पहिलं वाक्य – 'गाईले पाणी कोन पाजून राहिलं?' कोणी नाही, हे सांगितलं नाही. बाहेर जिन्यात बसून रडलो.

२७ मे
घरी आलो. दिवसभर माझ्यावर चिडते आहे, म्हणजे बरी आहे. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. मेंदूचं काय सुधारलं, काय राहिलं, ते हळूहळू कळेल.

३० मे
दुपारचे दोन. ती अंगणात, कुरड्यांच्या वाळवणाशी, भर उन्हात बसलेली. डोक्यावर पदरही नाही.
'आत चल.'
'काऊन? चांगलं थंडं वाटून राहिलं.'
कपाळाला हात लावला. तापलेलं. कोरडं.