विसळणीचं पाणी

बापू, आज सकाळी बागेतल्या नळाला पाणी आलं. पालिकेच्या अध्यक्षांनी नारळ फोडला, तोटी फिरवली, तर आधी नुसती हवाच सुटली. मग नळ खोकला, थोडं तांबूस पाणी थुंकला आणि धार लागली. पहिला हंडा कुणाचा यावरून दोघींची जुंपली, तेव्हा एका म्हातारीने आपली कळशी मधे सारली आणि भांडण तिथेच मिटलं. नळाच्या ओट्यापासून विटांचा छोटा पाट काढला आहे, तो थेट कर्दळीच्या वाफ्यात उतरतो. हंडा विसळायचा तो पाटातच, हे प्रत्येकीला सांगायला मी तिथे मुद्दाम उभी होते. फारसं सांगावं लागलं नाही. जुन्या बायकांना ते आठवत होतं, आणि त्या नव्यांना माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगत होत्या.

घरात मी तुम्हाला ‘तू’च म्हणायची. कागदावर मात्र ‘तुम्ही’ उतरतंय. बोलायची भाषा घरची आणि लिहायची शाळेची, ही माझी जुनी अडचण. मी बी.ए. झाले, मुलींच्या शाळेत शिकवते, आणि यंदापासून नगरपालिकेत बायकांच्या जागेवर सभासद आहे. माय कोरीटला माहेरी गेली की ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकवते, मन्ही पोर पालिकामा बसस. तुम्ही ज्या कचेरीच्या पायरीवर चपला काढून आत जायचात, तिथे मला खुर्ची आहे. पहिल्या दिवशी मीही पायरीशी थबकले, चपला काढायच्या की नाही ते कळेना. हे ऐकून तुम्ही हसला असता. पण मी लिहायला बसले ती यासाठी नाही. तुम्ही पालिकेच्या बागेत माळी होतात तेव्हा तिथलं पाणी बायकांना देता, हे ओव्हरसियर साहेबांना तुमच्या वरच्या मुकादमकाकांनी सांगितलं, असं तुम्ही शेवटपर्यंत धरून चाललात. ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

मी तेव्हा नववीत होते. बाग म्हणजे तरी काय, बाजाराच्या वरच्या अंगाला कुंपणातला एक तुकडा. मधोमध गोल वाफा, कडेने सदाफुली, चार बाकं, रॉकेलच्या दिव्याचा एक खांब आणि कोपऱ्यात हौद. पण गावात पालिकेचं म्हणून दाखवावं असं तेवढंच होतं, आणि ते तुमच्या हाती होतं. पंधरा ऑगस्टला झेंडू फुललेला हवा म्हणून तुम्ही रोपं कधी लावायची ते बोटांवर मोजत बसायचात. त्यातलं एक फूलही तुम्ही कधी घरी आणलं नाही. मी वेणीसाठी हट्ट केला, रडले, तरी नाही. गावाचं आहे, एवढंच म्हणायचात.

हौद रोज सकाळी पालिकेची बैलगाडी भरून जायची. चैत्र लागला की मागच्या वस्तीतली विहीर आटायची. धडगावकडून खाली उतरून कापसाच्या जिनमध्ये कामाला आलेली माणसं तिथे राहायची. दुपारी बाग बंद झाली की तुम्ही मागचं फाटक उघडता, आणि बायका एकेक करून आत येतात. अट एकच. हौदातून तांब्याभर पाणी घ्यायचं, राखेने घासलेला हंडा त्याने विसळायचा, ते पाणी खाली चरात ओतायचं, आणि मगच हंडा भरून न्यायचा. चर कर्दळीला जातो, कर्दळीचा गोल वाफ्याला. प्रत्येकीचा एक तांब्या, पण चाळीस-पन्नास हंडे विसळले की वाफा ओला होतो. कर्दळीला राखेचं पाणी मानवतं, हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

मी झाडाखाली बाकावर अभ्यास करत असायची. एकदा एका बाईला मी दरडावलं. पाणी पालिकेचं आहे, फुलं सगळ्यांची आहेत, असं काहीतरी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं. ती हंडा घेऊन तशीच उभी राहिली. तुम्ही खुरपं खाली ठेवलंत. आयुष्यात तुम्ही मला जे चार वेळा रागावलात, त्यातला हा एक प्रसंग. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, “तहान फुलेस्ले बी लागस, मानसेस्ले बी लागस. पन फुले घर जाईसन सयपाक नही करतस.” ती बाई पदराआडून हसली आणि जाताना तिच्या बोलीत तुम्हाला म्हणाली की ही तुझी पोर फौजदार होणार. पुढे कितीतरी दिवस सगळ्या बायका मला फौजदारच म्हणायच्या. मला आतून राग यायचा. तुम्ही मला त्या बाईसमोर बोललात, हे मी विसरले नव्हते. पुढे जे झालं त्यात याचा वाटा किती, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

त्या वैशाखात मुंबईहून मंत्री येणार होते. रस्त्यावर धूळ उडू नये म्हणून पाण्याची गाडी चार दिवस रस्ता शिंपडायला लावली, आणि बागेचा हौद कुणी भरलाच नाही. तळाशी होतं ते तुम्ही दोन दिवस पुरवलंत. तिसऱ्या दिवशी झेंडूने माना टाकल्या. चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही गाडी मागायला कचेरीत गेला होतात आणि मी बाकावर एकटी होते, तेव्हा ओव्हरसियर साहेब आले. त्यांनी वाफा पाहिला, मला विचारलं, माळ्याची मुलगी का? कितवीत? मग विचारलं, बागेचं पाणी जातं कुठे? मी उभी राहिले, शाळेत तपासणीला राहतात तशी, आणि सांगितलं. दुपारी बायका येतात, बापू फाटक उघडतात. ते म्हणाले, शाबास, खरं बोललीस.

गाडी चार दिवस आली नाही, हे मी सांगितलं नाही. विसळलेलं पाणी वाफ्यालाच जातं, हेही सांगितलं नाही. त्यांनी ते विचारलं नव्हतं. विचारलं तेवढंच उत्तर द्यावं, हे मला परीक्षेने शिकवलं होतं. खोटं एक अक्षर बोलले नाही, म्हणून त्या दिवशी मी घरी मोठ्या समाधानाने जेवले. पुढे सावकारांच्या घरून कुंड्या मागून आणल्या, त्या गळ्यापर्यंत वाफ्यात पुरल्या आणि बाग फुलली. मंत्र्यांची मोटार तिथे थांबलीसुद्धा नाही.

मग तो हुकूम आला. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून कागद माझ्या हातात दिलात. चुलीपाशी उभी राहून मी वाचलं की उद्यानाचे पाणी परवानगीशिवाय बाहेर दिल्याचे चौकशीत आढळले, सबब अक्कलकुव्याच्या रस्त्यावरील जकात नाक्यावर बदली. माय भाकरी थापायची थांबली. तुम्ही विचारलंत, “कोनी सांगं व्हई?” माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मायच आधी बोलली, मुकादमाशिवाय कोण, त्याच्या मेहुण्याला काम हवंच होतं. आणि पुढच्याच आठवड्यात तो मेहुणा खरंच बागेत लागला. तुम्ही आणि मुकादमकाका एका पुडीतली तंबाखू खायचात, इतकी वर्षं. तुम्ही मान हलवलीत, आणि मी कागदाची घडी घालून फळीवर ठेवली.

नाक्यावरच्या तुमच्या दिवसांचं मला वाईट वाटतं, पण ते सगळेच वाईट नव्हते. मॅट्रिकचा निकाल लागला त्या संध्याकाळी तुम्ही रुमालात बांधून गुलबक्षी आणलीत. नाक्याच्या छपरामागे पडीक जागेत तुम्ही बी टाकलं होतं, न्हाणीच्या पाण्यावर वाढवलं होतं. माझ्या हातावर रुमाल मोकळा केलात आणि म्हणालात, “हाई मन्हं शे, पालिकानं नही.” फुलं अर्धी मिटली होती. मी ती केसात घातली आणि गल्लीभर फिरले. मुकादमकाकांच्या दारावरून गेले तेव्हा त्यांनी पास झालीस का म्हणून विचारलं, आणि मी मान खाली घालून पुढे गेले. तुम्ही त्यांना पाहून रस्ता बदलायचात, आता मीही बदलायला लागले. दोघांची कारणं वेगळी होती.

कावीळ झाली तेव्हा तुम्ही दवाखान्यात अकरा दिवस होतात. मी उशाशी होते. रोज ठरवायची, आज सांगू. तुम्ही विचारायचात, गुलबक्षीला पाणी कोण घालतं, मायने जेवण केलं का, कॉलेजचा फॉर्म भरला का. मी त्याचीच उत्तरं दिली. मुकादमकाका तिरडीला खांदा द्यायला आले, तेव्हा मागे कुणीतरी बोललंच, की आता कशाला आला. ते त्यांनी ऐकलं. खांदा मात्र स्मशानापर्यंत सोडला नाही.

यंदा पालिकेत बागेचा विषय निघाला. नवं कुंपण, कारंजं, फुलांचे ताटवे, दारावर कुलूप, असा बेत होता. मी म्हटलं, कारंज्याऐवजी नळ बसवा, वस्तीतल्या बायका पाणी भरतील आणि त्यांच्या विसळणीवर ताटवे जगतील. कापडवाले सभासद म्हणाले, बाई, मग धुणं वाळत घालायला दोरी पण बांधू का बागेत? सगळे हसले. मी म्हटलं, दोरीचा ठराव तुम्ही आणा, मी अनुमोदन देते. तेव्हाही हसले, पण जरा वेगळं. तरी चिखल होईल, फुलं तुडवली जातील, हे काही त्यांच्या मनातून जाईना. शेवटी अध्यक्ष म्हणाले, जुन्या मुकादमाला विचारू, त्याला बागेची माहिती आहे. शिपाई धाडला.

काका काठी टेकत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मी टेबलावरच्या कागदांकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही ठाऊक नाही. म्हणाले, “माळीनी पानी चोरं नही. हांडा धोयेल पानी वाफामा जाये. गाडी चार दिन उनी नही, म्हनीसन बाग वाळनी.” एवढंच, आणि नमस्कार करून निघाले. मी सांगायला हवं होतं ते सगळं त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. ज्याने तुमचा घात केला असं अजून अर्धी गल्ली म्हणते, त्या माणसाने. ठराव मंजूर झाला. माझं लक्ष नव्हतं.

काल शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेले. ते पडवीत शेंगा फोडत बसले होते. सुनेने चहा आणून ठेवला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, बाकावर बसले होते तिथपासून हुकुमाच्या कागदापर्यंत. शेंगा फोडायचे हात थांबले. मला वाटलं होतं ते म्हणतील, लहान होतीस, जाऊ दे. ते तसं काही म्हणाले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला की मी मागे सरकले. “तीन वरीस तुन्हा बाप मन्हासंगे बोलना नही,” ते म्हणाले. “आते काबरं सांगी ऱ्हायनी?” मग त्यांच्याकडूनच कळलं, मेहुण्याचं काम त्यांनी मागितलंच नव्हतं, साहेबांनीच परस्पर लावलं होतं, हे ते दारोदार सांगू शकले असते. त्यांनी नाही सांगितलं. तुम्ही स्वतः येऊन विचाराल म्हणून वाट पाहिली. मग तुम्ही गेलात.

आता का सांगतेय ते न सांगताच मी माफी मागितली, ती त्यांनी घेतली की नाही हे मला अजून कळलेलं नाही. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. मग आवाज उतरला, अगदी म्हाताऱ्या माणसाचा झाला, आणि विचारलं, “त्यानी मन्हं नाव लिधं व्हतं का, मरताना?”

बापू, हा कागद मी कुठे टाकणार? आणि तुमच्यापर्यंत गेला तरी वाचून कोण दाखवणार, तुमचे कागद तर मीच वाचायची. घडी करून वहीत ठेवीन. पण एक गोष्ट राहिली, ती तुम्हाला ठाऊक असायला हवी. मी त्यांना म्हटलं, “लिधं व्हतं. मुकादमले बलावा, म्हने.” काकांनी डोळे पुसले नाहीत, काही नाही. फक्त कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले की चहा थंड होतोय. त्या अकरा दिवसांत तुम्ही त्यांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. हे मी तुमच्या तोंडी घातलं, आणि पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा तेच सांगेन.