तीनदा मेलेला ड्यूक

बोलोन्या, ९ नोव्हेंबर १८४३

तीर्थरूप एर्सिलियाताईस धाकट्या तेओदोसियोचा साष्टांग नमस्कार. थंडीने तुझा गुडघा पुन्हा धरला असेल. चेंतोच्या घरातल्या त्या गार फरशीवर अनवाणी फिरू नकोस. इकडे मी धडधाकट आहे. मेला तो माझा ड्यूक, आणि तोही तीनदा.

शनिवारी माझी पाचवी शोकांतिका लागली. (पहिलीला लोकांनी कुजकी सफरचंदं फेकली. दुसरीत सरकारी तपासनिसाने राजाला सुरीने मारायला मनाई केली, म्हणून त्याला तापाने मारावं लागलं, आणि तापाला तीन अंक लागले. वकिली सोडून काय मिळवलंस, असं बाबा विचारायचे ते काही उगीच नव्हे.) शेवटच्या अंकात म्हातारा ड्यूक घर सोडून गेलेल्या मुलासाठी निरोप ठेवतो, "त्याला सांगा, मी रागावलेलो नाही," आणि प्राण सोडतो. हे वाक्य कुठलं ते तू ओळखलंच असशील. बाबा गेले तेव्हा मी इथे तालमीत होतो. त्यांचे शेवटचे शब्द तू पत्रातून कळवलेस, तेच मी उचलले. तुला न विचारता उचलले, याची लाज वाटते.

सगळं थिएटर रडलं. आणि आपल्या लोकांची रीत तुला ठाऊक आहे, मरण आवडलं की ते पुन्हा मागतात. गाउदेन्झी (आमचे मुख्य नट, अंगाने बैलासारखे) उठले, लवून नमस्कार केला आणि पुन्हा मेले. लोकांनी तिसऱ्यांदा मागितलं. मी पडद्याआडून हात जोडले, "साहेब, आता राहू द्या."

"कवीमहाराज, तुम्ही लिहून मोकळे झालात. आपटायचं मला आहे. कंबर पार गेली," असं म्हणत ते पुन्हा रंगमंचावर गेले, धाडकन आपटले, आणि कळ असह्य होऊन "मी रागावलेलो नाही!" असे काही गरजले की वरच्या सज्ज्यातले लोक पोट धरून हसले.

मला हसू आलं नाही. तो आवाज हुबेहूब रागावलेल्या बाबांचा होता. तेव्हापासून माझं लिहिण्यात लक्ष नाही. मुलांना आशीर्वाद.

ता. क. इथली डुकराच्या मांसाची सलामी अगदीच बेचव. आपल्याकडची लसूण घातलेली पाठव.

आणखी एक. ताई, बाबांनी ते खरंच म्हटलं होतं का? मला बरं वाटावं म्हणून तूच लिहिलं असशील, तर उत्तर नको, नुसती सलामी पाठव, मी समजेन. म्हटलं असेल, तर शनिवारच्या आत कळव. हळू म्हणाले की ओरडून, तेही लिही. गाउदेन्झींना शिकवायचं आहे.