धूर नसलेली गाडी

प्रिय आइलिफ,

सिन्नेला डोंगरापलीकडच्या शाळेत नोकरी लागली, हे तिनं तुला कळवलंच असेल. आठवडाभर तिकडे खोली करून राहायचं, शुक्रवारी घरी यायचं, रविवारी परत. म्हणजे अख्खा हिवाळा डोंगरावरून ये-जा. बसने जा म्हटलं तर म्हणाली, "आई, वादळात सगळ्यात आधी बसच बंद होते." मग गाडी घ्यायचं ठरलं. कोणती घ्यायची ते मी ठरवणार, एवढी अट मी घातली. तिनं वाद घातला नाही. मी अट घालतेय म्हणजे नाही म्हणत नाहीये, हे तिनं बरोबर ओळखलं. नाही म्हणायचं किती मनात होतं, ते तुला वेगळं सांगायला नको.

गाडी बॅटरीवरचीच हवी, हे मी आधीच पक्कं केलं होतं. हाल्वदानला ते मुळीच पटलं नाही. तो अजून बर्फ सारायची मोठी गाडी चालवतो, वादळात तिच्यामागून गाड्यांचा ताफा डोंगरापार नेतो, आणि डोंगरावरून उतरला की अजूनही आपल्या स्वयंपाकघरात वॉफल खायला टपकतो. "बॅटरीवर डोंगर चढवणार पोरीला? त्यापेक्षा रेनडिअर जुंप, निदान चरून पोट तरी भरेल त्याचं," म्हणाला. सिन्नेनं वॉफलवर तपकिरी चीज ठेवता ठेवता विचारलं, "हाल्वदान, मागच्या थंडीत तुझं ते डिझेलचं धूड रोज सकाळी कोण ढकलत होतं?" तो हसला. मग मी म्हटलं, "बॅटरीच्या गाडीला धूर नसतो रे." त्यावर त्याचं हसू मावळलं. कॉफी अर्धी ठेवून तो उठला आणि सिन्नेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "ताफ्यात तू माझ्या अगदी पाठीमागे राहायचंस. दुसऱ्या कुणाला मध्ये घुसू द्यायचं नाही."

शहरातल्या दुकानात विबेके नावाची बाई होती, दक्षिणेकडून नव्याने आलेली, बोलकी. सिन्नेचा जीव एका लाल गाडीवर जडला. ठेंगणी, देखणी, वरून सगळी काच. पण तिच्या दाराच्या मुठी आत दडलेल्या. पाऊस पडून रात्रीत गोठलं तर दार उघडायचं कसं, विचारलं, तर विबेके म्हणाली, हाताने जरा ठोकायचं. गारठलेल्या हातांनी कोण ठोकणार! दुसरी गाडी उंच, चौकोनी. चारही चाकांना जोर, मुठी बाहेर, पोट जमिनीपासून चांगलं वर. "ही तर पावाच्या डब्यासारखी दिसते," सिन्ने कुरकुरली. विबेके मात्र प्रामाणिक होती. कडाक्याच्या थंडीत कागदावरच्या अंतरातलं एक तृतीयांश सरळ विसरा, म्हणाली. निसरड्यावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला की ही गाडी ब्रेक दाबल्यासारखी आपोआप मंदावते आणि मागची बाजू घसरू शकते, म्हणून बर्फात ती सोय कमी करून ठेवायची, हेही तिनंच दाखवलं.

मी तिला फिरून फिरून एकच विचारत राहिले. गाडी जागच्या जागी उभी आहे, बाहेर वादळ आहे, आत माणूस आहे. ऊब किती वेळ पुरेल? तिनं हिशोब करून सांगितलं की बॅटरी भरलेली असेल तर रात्र निघेल, वर दुसरा दिवसही. मी मागच्या सीटवर आडवी झाले, पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. विबेके हसून म्हणाली, "गाडी घेताय की पलंग?" तिचा काय दोष, तिला कोण सांगणार? सिन्नेच पटकन म्हणाली, "आईला कुठेही झोप लागते." मग मी उतरले आणि गाडीच्या मागे जाऊन दुकानाच्या अंगणातल्या बर्फात गुडघे टेकले. खालून हात फिरवला, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. "काही पडलं का?" विबेकेनं विचारलं. काही नव्हतं, आइलिफ. तिथे धुराची नळीच नव्हती. नसणार हे ठाऊक होतं, तरी हाताला कळायला हवं होतं. मी उठेना तेव्हा सिन्नेनं मला दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं आणि म्हणाली, "पावाचा डबाच घेऊ, आई."

मागच्या रविवारी ती पहिल्यांदा एकटी गेली. डोंगरावर वारा सुटला होता, रस्ता अडवणारं फाटक लावलेलं, गाड्या ताफ्यासाठी रांगेत उभ्या. फाटकावरच्या माणसानं लोकरीचे कपडे आहेत का, फावडं आहे का, बॅटरी किती, सगळं पाहिलं. तिथून तिनं मला फोन केला. हाल्वदानचे दिवे अगदी समोर दिसतायत म्हणाली. आणि मग, सहज सांगावं तसं, "बाबांना केला होता. वाजून वाजून बंद झाला. हवा बिघडली की ते उचलतच नाहीत." ती सुखरूप पोचली. पण तिचं ते सहज बोलणं ऐकलं आणि मी हे पत्र लिहायला बसले.

आपल्या योस्टाइनचं नाव आपण दोघांनी एकमेकांसमोर घेऊन किती काळ झाला! आज घेते. त्या संध्याकाळी ताफा मध्येच अडकला, पुढची गाडी दिसेना, तेव्हा त्यानं तुला फोन केला. थंडी वाजतेय म्हणाला. तू म्हणालास, बाहेर पडू नकोस पोरा, इंजिन चालू ठेव, ऊब घे, जरा झोप, येतीलच ते. मी शेजारी उभी होते. फोन माझ्या हातात असता तर मीही अक्षरन् अक्षर तेच बोलले असते. मागची नळी मोकळी करत राहायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, योस्टाइनलाही होतं. पण गारठलेल्या लेकराशी बोलताना कुठल्या बापाला नळी आठवते? बापाला फक्त थंडी दिसते. बर्फ चढत गेलं, धूर आत वळला, आणि तो तू सांगितलंस तसा झोपला. मी तुला कधी दोष दिला नाही, पण तू तो माझ्या प्रत्येक गप्प बसण्यात ऐकलास आणि शेवटी घर सोडून गेलास.

परत ये असं मी म्हणत नाही. गाडी कशी आहे हे सांगायलाही लिहीत नाही. सिन्ने पुन्हा कधीतरी त्या फाटकापुढे उभी असेल, बाहेर सगळं पांढरं असेल आणि ती तुला फोन करेल. मला नाही, तुलाच, कारण भीती वाटली की तिला लहानपणापासून तूच लागतोस. तेव्हा फोन उचल, आइलिफ. आणि तिला तेच सांग. बाहेर पडू नकोस, ऊब चालू ठेव, जरा झोप, येतीलच ते. या गाडीत हे सांगता येतं. हे मी हाताने चाचपून पाहिलं आहे.

अजूनही, जेवढी उरली आहे तेवढी तुझीच,
टोरुन